मेलेल्याचा हात कापला, पण किल्ली कुणाकडं?

दान हा शब्द आपल्या बापजाद्यांनी हात पसरूनच ऐकला. वरचा हात नि खालचा हात, एवढंच त्या शब्दाचं व्याकरण. वरच्यानं टाकायचं, खालच्यानं झेलायचं. विटाळ होऊ नये म्हणून उंचावरून टाकायचं. शिळी भाकर अशीच पदरात पडली, विहिरीचं पाणी असंच ओंजळीत ओतलं गेलं. देणाऱ्याच्या खात्यात पुण्य जमा, घेणाऱ्याच्या खात्यात लाचारी. शेकडो वर्षं हाच जमाखर्च.

आता दानानं कपडे बदललेत. पगडी गेली, सूट आला. त्याला आता फाउंडेशन म्हणायचं. वस्तीत गाडी येते, बॅनर लागतो, पोरांना रांगेत उभं करतात, वह्या वाटतात, फोटो काढतात, गाडी जाते. गटार तिथंच. संडासाची रांग तिथंच. वहीवर कंपनीचं नाव मात्र पोराच्या नावापेक्षा मोठं.

मी गोदीत राबणारा माणूस. मॅट्रिक झालो, पुढं शिकायला पैसा नव्हता. पण वाचतो. जगातल्या बंदरांविषयी हाताला लागेल ते वाचतो, कारण बोटीच्या पोटातनं माल काढणारा माणूस कुठल्याही मुलखातला असो, तो आपल्या नात्यातला. या वाचनात अमेरिकेतलं क्लीव्हलंड शहर भेटलं. तिथं १९१४ साली जगातलं पहिलं 'कम्युनिटी फाउंडेशन' निघालं. म्हणजे एका माणसाचं, एका घराण्याचं दान नव्हे, तर एका शहराचा आणि त्याच्या आजूबाजूच्या मुलखाचा सामायिक निधी. पैसा अनेकांचा, तिजोरी एक, वाटप एका कमिटीकडं. आज अमेरिकेत अशी सातशेच्या वर फाउंडेशनं आहेत आणि ही पद्धत जगभर पसरलीय. ती कुठून आली, कुणी काढली, कशापायी वाढली, हे आपल्याला माहीत पाहिजे. नाहीतर आपण नुसते झेलत राहू.

क्लीव्हलंड ईरी सरोवराच्या काठी. वरच्या सरोवराकडनं बोटी भरून लोहखनिज यायचं. आयर्लंडहून पोटासाठी आलेले हमाल बोटीत उतरायचे, फावड्यानं टोपली-डबे भरायचे. १९१२ साली तिथल्या धक्क्यावर ह्युलेट नावाची चार अजस्र यंत्रं बसली. एका घासाला १७ टन माल. यंत्र चालवणारा त्या लोखंडी पायातच बसून बोटीच्या तळापर्यंत खाली जायचा नि वर यायचा. फावडी गेली, फावडीवाले गेले. मुंबईच्या गोदीवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. कंटेनर आला, माल न्हावा-शेव्याला वळला, तेव्हा आपल्या किती टोळ्या मोडल्या ते आपल्या घरांना माहीत आहे.

याच शहरात रॉकफेलरनं १८७० साली स्टँडर्ड ऑइल कंपनी काढली. तेल, लोखंड, पोलाद, रेल्वे. युक्लिड अव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर धनदांडग्यांच्या हवेल्यांची रांगच उभी राहिली. त्या रस्त्याला लोक करोडपतींची आळी म्हणायचे. एवढा पैसा साठला की नवाच प्रश्न उभा राहिला : धनी मेल्यावर या पैशाचं काय?

फ्रेडरिक गॉफ नावाचा वकील या प्रश्नाला भिडला. रॉकफेलरचंही काम केलेला माणूस. १९०८ साली तो क्लीव्हलंड ट्रस्ट कंपनी या बँकेचा अध्यक्ष झाला. मृत्युपत्रं सांभाळणं हा त्या बँकेचा धंदाच होता. गॉफच्या ध्यानात आलं की श्रीमंत माणूस मेल्यावरसुद्धा आपला हात पैशावरनं उचलत नाही. अमक्यासाठीच खर्च करा, तमक्याला देऊ नका, अशा अटी घालून जातो. जग पुढं जातं, अट तिथंच राहते. याला तिकडं 'मेलेल्याचा हात' म्हणत. बेंजामिन फ्रँकलिन १७९० साली मेला. त्यानं बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना हजार-हजार पौंड ठेवले. अट अशी की उमेदवारी पुरी केलेल्या तरुण, लग्न झालेल्या कारागिरांना यातनं कर्ज द्यावं. पुढं कारखाने आले, उमेदवारीची पद्धतच मोडली. कर्ज घ्यायला कारागीर सापडेना. सेंट लुईस शहरातल्या मुलॅन्फी नावाच्या धनिकानं पश्चिमेकडं वसायला निघालेल्या गरीब वाटसरूंसाठी इस्टेटीचा तिसरा हिस्सा ठेवला. पुढं रेल्वे झाली, ते वाटसरू संपले, पैसा पडून राहिला. त्याच गावात उपाशी माणसं होती. पण ती वाटसरू नव्हती!

मेलेल्याचा हात हे आपल्याला नवं नाही. आपल्या गळ्यावर तर हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांचा हात आहे. कुणी पाणी प्यावं, कुणी पोथी वाचावी, कुणी मेलेलं ढोर ओढावं, हे मेलेल्यांनीच लिहून ठेवलं. ते आमचं मृत्युपत्र म्हणून जिवंत माणसं राबवत राहिली. म्हणून सांगतो, गॉफनं धरलेला मुद्दा खरा होता. माणूस कोण आहे हे विसरून मुद्दा नाकारायचा नसतो.

२ जानेवारी १९१४ रोजी बँकेच्या संचालकांनी ठराव केला आणि क्लीव्हलंड फाउंडेशन जन्माला आलं. पद्धत साधी. ज्याला द्यायचं त्यानं बँकेकडं पैसा ठेवावा. मुद्दल बँक सांभाळेल, गुंतवेल. उत्पन्न शहराच्या भल्यासाठी खर्च होईल. जुना हेतू कालबाह्य झाला तर कमिटी तो बदलेल. कमिटी पाच जणांची. दोघं बँकेनं नेमायचे. एक शहराच्या महापौरानं, एक फेडरल जिल्हा न्यायाधीशानं, एक वारसा-मृत्युपत्रं बघणाऱ्या कोर्टाच्या न्यायाधीशानं. एका धर्मपंथाचे दोनाहून जास्त सभासद नकोत. राजकीय पदावर असलेला किंवा पदासाठी धडपडणारा माणूस नको.

हे नीट वाचा. पाचातल्या तीन जागा बँकेच्या हाताबाहेर. १९१४ साली एका भांडवलदार बँकवाल्याला एवढं तरी कळलं होतं की शहराचा पैसा शहराला विचारून वाटावा. याच्याकडं मी पुढं परत येणार आहे.

पण त्या पाचांत फावडीवाला नव्हता. काळा नव्हता. महापौरानं नेमला, न्यायाधीशानं नेमला, म्हणजे लोकांनी निवडला असं होत नाही. 'कम्युनिटी' हा शब्द दारावर लिहिला. आत बसले ते बंगलेवाले.

मृत्युपत्राचा पैसा माणूस मेल्याशिवाय येत नाही. म्हणून सुरुवातीची वर्षं तिजोरी जवळजवळ रिकामी. तेव्हा गॉफनं शहराच्या पाहण्या लावल्या. धर्मादाय मदतीची पाहणी. शाळांची पाहणी, १९१५-१६ साली, लेनर्ड एअर्सच्या हाताखाली, तिचे २५ अहवाल छापले. मग करमणूक आणि मोकळ्या जागांची. शहरातल्या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीशच खुनाच्या भानगडीत सापडला, तेव्हा १९२१ साली पोलीस-कोर्टाच्या कारभाराची पाहणी. ती रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या कायदेपंडितांनी केली. माझ्या मते फाउंडेशनचं सगळ्यात चांगलं काम हेच. तिजोरीत दमडी नसताना त्यांनी शहराला आरसा दाखवला. वह्या वाटल्या नाहीत, शाळा का नासलीय ते विचारलं. आपल्याकडं वह्या वाटणारे शंभर, पण नगरपालिकेची शाळा का मरतेय हे विचारणारा एक नाही. विचारलं तर फोटो निघत नाही ना!

१९२३ साली गॉफ मेला. तोवर शिकागो, बॉस्टन, लॉस एंजेलिस, इंडियानापोलिस अशी शहरामागून शहरं या पद्धतीवर गेली होती.

आता दुसरी बाजू बघू. दक्षिणेतनं काळे लोक जिमक्रोच्या छळातनं सुटून कामासाठी क्लीव्हलंडला आले. त्यांना कोंडलं शहराच्या पूर्व अंगाला. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळानं शहरांचे नकाशे काढले नि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवल्या. लाल म्हणजे धोका, इथं कर्ज देणं बुडीत. गावकुसाबाहेरचा महारवाडा आणि नकाशावरची लाल वस्ती यांत फरक एवढाच की एक मनूनं आखली, दुसरी सरकारी कारकुनानं.

१८ जुलै १९६६. हफ नावाची वस्ती. ७९ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या एका गोऱ्याच्या दारूच्या गुत्त्यात काळ्या माणसानं प्यायला पाणी मागितलं. मिळालं नाही. काळ्यांना पाणी नाही, अशी पाटीच लागल्याचं लोकांनी सांगितलं. वस्ती पेटली. लष्करी तुकड्या उतरल्या. चार काळी माणसं मेली. पुढं ग्रँड ज्यूरी बसली आणि तिनं खापर फोडलं कम्युनिस्टांवर.

पाणी! भावांनो, महाड १९२७, हफ १९६६. मध्ये एकोणचाळीस वर्षं आणि दोन समुद्र. मागणी तीच, एक पेला पाणी. आपल्याकडं १९७२ साली पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडनं घेतलं ते उगीच नव्हे.

हफ पेटलं तेव्हा क्लीव्हलंडचं फाउंडेशन बावन्न वर्षांचं होतं. बावन्न वर्षं दान चाललेलं आणि शहरात काळ्या माणसाला पेलाभर पाणी नाही. मी म्हणत नाही की त्यांनी काहीच केलं नाही. मी म्हणतो, दानानं इस्पितळ बांधता येतं, शाळेची पाहणी करता येते, पण गुत्त्यावरची पाटी उतरवता येत नाही. ती पाटी ज्याला पाणी नाकारलं तोच उतरवतो.

उतरवलीच. १९६७ साली फोर्ड फाउंडेशननं काळ्यांच्या 'कोअर' या संघटनेला १,७५,००० डॉलर दिले. त्यातनं क्लीव्हलंडमध्ये काळ्या मतदारांची नोंदणी झाली. त्याच नोव्हेंबरात कार्ल स्टोक्स निवडून आला. गुलामाचा पणतू, सरकारी चाळीत वाढलेला पोरगा, अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराचा पहिला काळा महापौर.

मग काय झालं? वॉशिंग्टनमधली खुर्ची हादरली. १९६९ साली करसुधारणेचा कायदा आला. खाजगी फाउंडेशनांवर लगाम. मतदार नोंदणीला पैसे द्यायचे तर घेणारी संस्था किमान ५ राज्यांत काम करणारी हवी! म्हणजे एका शहरातल्या एका वस्तीला जागं करायला पैसा देता येणार नाही. वह्या वाटा, चालेल. मत द्यायला शिकवाल तर खबरदार. दानाची हद्द कुठं संपते हे त्या कायद्यानं काळ्यावर पांढरं करून दाखवलं.

आणि गंमत बघा, याच कायद्यानं कम्युनिटी फाउंडेशन फोफावली. एकट्या घराण्याच्या खाजगी फाउंडेशनवर जाच वाढला. दर वर्षी ठराविक वाटप करायची सक्ती आली. कम्युनिटी फाउंडेशन मात्र अनेकांकडनं पैसा घेतं म्हणून सार्वजनिक संस्था ठरलं. देणाऱ्याला करात सूट जास्त, कटकट कमी. श्रीमंत तिकडं वळले. शिवाय देणाऱ्याच्या नावानं वेगळं खातं निघतं. पैसा संस्थेचा, पण कुणाला द्यायचा हे देणारा सुचवतो आणि संस्था बहुतेक वेळा ऐकते. करसूट आज मिळते, वाटप केव्हा करायचं याची कायद्यानं सक्ती नाही. गॉफनं मेलेल्याचा हात कापला होता. त्या जागी जिवंत शेठचा हात आला. तो तर अजून घट्ट.

बँकेचंही ऐका. क्लीव्हलंड ट्रस्ट, म्हणजे ज्या बँकेच्या पोटी फाउंडेशन जन्मलं तीच, पुढं शहरातली सगळ्यात मोठी बँक झाली. १९७८ साली डेनिस कुसिनिच हा तिशीतला महापौर होता. नगरपालिकेचं स्वतःचं वीजकेंद्र होतं, ते खाजगी वीजकंपनीला विकावं असा दाब होता. तो म्हणाला, विकणार नाही. शहरावर बँकांची अल्प मुदतीची दीड कोटी डॉलरच्या आसपास देणी होती. बँकांनी, त्यात पुढं क्लीव्हलंड ट्रस्ट, मुदत वाढवून दिली नाही. १५ डिसेंबर १९७८ ला शहराचं दिवाळं निघालं. पुढच्या फेब्रुवारीत लोकांनी मत टाकून वीजकेंद्र राखलं. फाउंडेशनच्या कमिटीनं हे केलं असा माझा आरोप नाही. दोन्ही वेगळ्या. पण एकाच इमारतीच्या एका खिडकीतनं दान देतात आणि दुसऱ्या खिडकीतनं शहराचा गळा धरतात, ही व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवा.

काही बदललं का? बदललं. १९८४ पासून २००३ पर्यंत स्टीव्हन मिंटर या काळ्या माणसानं फाउंडेशन चालवलं. २००९ साली फाउंडेशन आणि मोठी इस्पितळं-विद्यापीठ यांच्या पुढाकारानं 'एव्हरग्रीन' सहकारी लाँड्री सुरू झाली. इस्पितळांचे कपडे धुवायचे नि मालक धुणारेच. पुढं भाजीपाल्याचं काचघर, सौरऊर्जेचं काम. स्पेनमधल्या मोंड्रागॉनच्या कामगार-सहकारावरनं घेतलेली कल्पना. इथं मला आशा दिसते. धुणाऱ्याला वही नाही, हिस्सा दिला. २०२३ साली फाउंडेशननं आपली कचेरी शहराच्या मध्यातनं हलवून युक्लिड अव्हेन्यूवर ६६ व्या रस्त्याशी, हफच्या दाराशी आणली. आज त्यांच्याकडं दोन अब्ज डॉलरच्या वर ठेव आहे. दाराशी येणं चांगलंच. पण दाराशी येणं वेगळं, आणि किल्ली हातात देणं वेगळं.

आता आपल्याकडं या. २०१३ चा कंपनी कायदा सांगतो की मोठ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत. १ एप्रिल २०१४ पासून लागू. म्हणजे क्लीव्हलंडच्या ठरावानंतर बरोबर शंभर वर्षांनी. आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्या, असंही त्यात लिहिलंय. पण पैसा कुठं जावा हे सुचवणारी कमिटी कुणाची? कंपनीच्या संचालकांची! आणि शेवटचा शब्द संचालक मंडळाचा. बाहेरचा कुणी नाही. वस्तीतला नाही, कामगार नाही, महापौरानं नेमलेलासुद्धा नाही. १९१४ च्या अमेरिकन बँकवाल्यानं पाचातल्या तीन जागा बाहेर दिल्या होत्या. शंभर वर्षांनी भारताच्या संसदेनं एकही दिली नाही. यात मला लाज वाटते, तुम्हाला वाटते का?

धर्मादाय इस्पितळांचं तेच. कायद्यानं १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बलांना सवलतीत. आमच्या टोळीतल्या एका भावाचा पाय स्लिंगखाली चिरडला. आम्ही त्याला अशाच एका इस्पितळात उचलून नेलं. काउंटरवरच्या बाईनं नजर वर न करता सांगितलं, खाट नाही. किती खाटा आहेत, किती भरल्यात, यादी दाखवा म्हटलं तर वॉचमनला हाक मारली. दरवाजावर संगमरवरात दात्याचं नाव कोरलेलं. दाता मेला, दान जिवंत आहे, फक्त आमच्यापर्यंत पोचत नाही. इथं मेलेल्याच्या हातानं आम्हाला अडवलं नाही. पगारी हातानं अडवलं.

आपले काही दोस्त म्हणतात, दान म्हणजे विष, शिवूच नका. मी त्यांच्याशी सहमत नाही. क्लीव्हलंडमध्ये तो ठराव झाला तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कशावर? बडोद्याच्या गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड. अट, परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी. ते अट पाळायला गेले. १९१७ साली बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहातनं काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. राजाच्या पैशानं पदवी मिळाली, खोली मिळाली नाही. पण बाबासाहेबांनी पैसा घेतला म्हणून डोकं गहाण टाकलं नाही. प्रश्न घ्यायचं की नाही हा नाहीच. प्रश्न किल्लीचा आहे.

आणि किल्ली कशी असते तेही त्यांनीच सांगितलं. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात ते म्हणाले की प्रत्येकानं आपल्या कमाईचा विसावा हिस्सा या कामाला द्यावा. विसावा हिस्सा! अंगठेबहाद्दर मजुरांना सांगितलं, शेठला नाही. कारण जो निधी आपल्या घामाचा, त्याचा हिशेब मागायला आपली जीभ अडखळत नाही. जयंतीची पाच रुपयांची पावती फाडणारी म्हातारीसुद्धा मंडळाला दरडावते, पोरांनो, हिशेब वाचा. ती म्हातारी क्लीव्हलंडच्या पाचांहून जास्त 'कम्युनिटी' आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एक, ज्या वस्तीच्या नावानं पैसा येतो त्या वस्तीनं निवडलेली माणसं कमिटीत निम्मी हवीत, आणि निवडलेली, नेमलेली नव्हेत. दोन, दर वर्षीचा हिशेब वस्तीच्या फळ्यावर मराठीत लागला पाहिजे. तीन, पैसा वह्यांपुरता नको. पाहणीला, संघटनेला, कोर्टात लढायला, मजुरांच्या सहकारी संस्थेला मिळाला पाहिजे. चार, आधी कंत्राटी मजुराचा थकलेला पगार द्या, मग दानाचा बॅनर लावा. कापलेल्या मजुरीतनं दिलेलं दान हे दान नव्हे, ती चोरीच्या मालातली वाटणी. आणि पाच, आपला विसावा हिस्सा आपण काढायचा. थोडा असेल, पण त्याची किल्ली आपल्या कमरेला असेल.

वर हात, खाली हात हे व्याकरण आता पुरे. टेबल मांडा, खुर्च्या मोजा, आणि आमच्या खुर्च्या कुठं आहेत ते सांगा. नसतील तर आम्ही उभे राहूनच हिशेब मागू. ज्यांनी पाण्यासाठी तळं गाठलं, त्यांना तिजोरीचं दार सापडायला वेळ लागणार नाही.